पासवर्ड मी सांगणार नाही

मी राऊटर बोलतोय. टीव्हीच्या कपाटावर, फुलदाणीच्या मागे बसलेला काळा डबा तो मीच. मी गोड बोलायला आलेलो नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला, एवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात, हजारो भावंडांबरोबर झाला. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मालकांनी मला दोन्ही हातांनी उचललं होतं. ते कौतुक आठवडाभर टिकलं. पुढे रस्त्यात केबल तुटो, कंपनीची यंत्रणा झोपो, नाहीतर मालकांचाच फोन जुना झालेला असो, फटका मात्र माझ्याच डोक्यावर. "डबडं आहे नुसतं," म्हणायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मालकीणबाई तेवढ्या माझ्या जाळीतली धूळ फुंकून काढायच्या. पूर्वी त्या एका ऑफिसात घरांचे नकाशे काढत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली. सासूबाई गेल्या, पण नोकरी काही परत आली नाही. किती अर्ज केले, कोणी दाद देईना. शेवटी एका ठिकाणाहून बोलावणं आलं. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर, आणि काम मिळालं तर तेही घरूनच.

नेमकी त्याच सकाळी खोदकामवाल्यांनी कोपऱ्यावर केबल तोडली. माझा दिवा लाल झाला. मालकांनी सवयीने मला एक ठेवून दिली आणि म्हणाले, याच्यावाचून काही अडत नाही, मोबाइलच्या इंटरनेटवर घर चालवून दाखवतो. जुना फोन खिडकीत ठेवून त्यांनी त्याचं हॉटस्पॉट सुरू केलं. तिथवर ठीक होतं. पण घरातल्या कुठल्याच यंत्रात काही बदलायला नको, म्हणून त्या फोनला त्यांनी माझं नाव दिलं. पासवर्डही माझाच. आणि मला बंद करायला मात्र विसरले.

माझ्या जिवंतपणी माझं नाव दुसऱ्याला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. लॅपटॉप माझ्यापासून हातभर अंतरावर, फोन पार तिकडे खिडकीत. नाव ओळखून लॅपटॉप माझ्याकडेच आला आणि मी त्याला घट्ट धरून ठेवलं. माझ्याकडे द्यायला इंटरनेट नव्हतं, पण ते मी आपणहून कशाला सांगू?

मग मालकांची धावपळ बघावी! लॅपटॉप बंद करून चालू केला. फोन खिडकीच्या गजाला बांधला. कस्टमर केअरला फोन लावून तिथल्या मुलीलाच चार गोष्टी शिकवल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला गार वाटत होतं. म्हटलं, आता पडा तोंडघशी.

पण तोंडघशी पडले तर ते मालक कसले? ते बायकोकडे वळले.

"तूच काहीतरी दाबलं असशील. जमत नाही तर हात कशाला लावतेस?"

हे तर माझ्या वाट्याचं बोलणं होतं. मुलाखत तोंडावर आलेली, आणि केस नीट विंचरून, कागद मांडून बसलेल्या बाईंचा चेहरा उतरला. फटके मी एकट्याने खाल्ले, पण बोलणी आम्ही दोघं खात होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. माझा राग कमी झाला नाही, वाढलाच.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. फोनवर दिसत होतं की त्याला एकही यंत्र जोडलेलं नाही. लॅपटॉप तर म्हणत होता, मी जोडलेला आहे.

"मग हा जोडलाय कोणाला?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं, चटकन आल्या आणि माझी वायर उपटली.

मी बंद पडलो, त्यामुळे मुलाखतीत काय झालं ते मी ऐकलेलं नाही. चार दिवसांनी केबल जोडून झाल्यावर बाईंनी मला पुन्हा चालू केलं तेव्हा टेबलावर मोठे नकाशे पसरलेले होते. काय ते मी समजलो. मग त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि शांतपणे माझा पासवर्ड बदलला.

मालक घरी आल्यावर विचारू लागले, नेट का लागत नाही, पासवर्ड बदललास का, काय ठेवलास. बाईंनी नकाशावरून नजर काढली नाही.

"बघा जमतंय का," म्हणाल्या.

तेव्हापासून मी फक्त बाईंचं काम करतो. मालक खिडकीत मोबाइल घेऊन बसतात आणि बाई आत गेल्या की माझ्यापाशी येतात. मला उलटा करतात, हलवतात, बंद-चालू करतात. करा, मालक, खुशाल करा. मला तो पासवर्ड पाठ आहे, पण तो तुम्हाला माझ्याकडून मिळायचा नाही. बाईंना विचारा, आणि विचारताना आवाज जरा खाली ठेवा.