हातोडीचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. बॉक्सिंगचा, आणि तोही डाव्या पायाचा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो फारसा बोलका नाही. शिवाय सोसले ते डाव्या पायाने, म्हणून सांगायची पाळी माझ्यावर आली.

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एकीने कातडे कापले, दुसरीने शिवले, तिसऱ्याने तळ चिकटवला. तळ मुद्दाम पातळ ठेवला, कारण रिंगमध्ये उतरणाऱ्याला पायाखालची जमीन नीट कळावी लागते. उड्या मारायला किंवा धावायला मी बनलोच नव्हतो. पण हे बुटाला कोण विचारतो?

एका केशकर्तनकाराने मला विकत घेतले, आपल्या मुलीसाठी. तिला सगळे ‘हातोडी’ म्हणत. तिचा उजवा ठोसा बसला की समोरचीचे डोळे क्षणभर पांढरे होत. तिचा बाप साधा माणूस होता. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून तो मुलीचे कौतुक सुरू करी, आणि गिऱ्हाईक बिचारे मान हलवू शकत नसे. मला घरी आणल्यावर त्याने स्वतः माझ्या नाड्या ओवल्या. पहिल्या दिवशी हातोडीने मला घालून घरभर फेऱ्या मारल्या, आणि तिच्या आईनेही ‘घरात बूट कशाला?’ असे म्हटले नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

हातोडीची अडचण एकच होती. हात विजेसारखे आणि पाय शिशाचे. तिला शिकवणारे सर म्हणत, ठोसा कितीही जड असो, समोरची तिथे थांबायला हवी ना! म्हणून त्यांनी तिच्या पायांवर काम सुरू केले. सिमेंटच्या जमिनीवर खडूने चौकटी आखल्या आणि त्यांतून भराभर पाय टाकायला लावले. दोरीवरच्या उड्या, जिन्यावरची धाव, पुन्हा दोरी. पाय खरेच हलके होऊ लागले. सरांनी पाठ थोपटली. बापाच्या दुकानात आरशाच्या कोपऱ्यात तिचा फोटो लागला. एका स्पर्धेत ती जिंकली, तेव्हा बापाने मलासुद्धा कपाळाला लावले. म्हणाला, हे बूट आपल्याला लाभतात.

त्याच सुमारास तिची नडगी दुखू लागली.

आधी सकाळी उठल्यावर नुसती ठणके आणि सरावाने अंग तापले की विसरली जाई. मग उड्या मारतानाही दुखू लागली. मग जिना उतरताना. टाच टेकताना तिचा पाय आत चोरला जायचा ते मला सगळ्यांच्या आधी कळले. तिने सरांना सांगितले. सर म्हणाले, नडगी सगळ्यांचीच दुखते, सवय होते. वाईट मनाने नव्हे, त्यांच्या सरांनीही त्यांना हेच सांगितले असणार. हातोडीने मग मोज्याखाली पट्टी आवळली आणि दुखणे अंगावर काढले.

शेवटी आईने तिला ओढतच हाडांच्या दवाखान्यात नेले. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तिच्या नडगीवरून बोट फिरवले, एका जागी दाबले, आणि हातोडीने खुर्चीची कड घट्ट धरली. हाड तडकायच्या बेतात आहे, बाई म्हणाल्या. उड्या बंद, धावणे बंद, सायकल चालव. पोटऱ्यांना ताकद आण. बरे वाटले की मऊ मातीवर सुरुवात कर, जमिनीपासून बोटभरच उड्या, एक दिवस आड. पाय आपटून वेग येत नाही, हलका टेकून येतो. मग त्यांनी मला हातात घेतले, अंगठ्याने माझा तळ दाबला आणि आईला सांगितले, हे बूट बदला, यांच्यात आता काही उरलेले नाही.

मला राग आला नाही. खरेच काही उरले नव्हते.

हातोडीने बाईंचे सगळे ऐकले. आणि मित्रांनो, गंमत अशी की ती आधीपेक्षा चपळ झाली. मातीवर छोटी छोटी पावले टाकायची, घोटे सैल, खांदे सैल. पाय असा सरकायचा की धूळसुद्धा उडायची नाही. दुखणे जवळजवळ गेले होते. आणखी थोडा धीर धरायचा होता, एवढेच.

तेवढ्यात निवड स्पर्धेची तारीख अलीकडे आली. सर घरी आले. दवाखान्यातली माणसे रिंगमध्ये उतरत नाहीत, असे म्हणाले. आईने चहा ठेवला नाही. बाप मात्र मान खाली घालून बसला, आणि मग हळूच म्हणाला, सर एवढे म्हणतात तर बघू या. नवे बूट घेऊन ठेवलेले होते. तरी त्याने मलाच पिशवीत घातले. मी लाभतो ना!

पुन्हा सिमेंट, पुन्हा दोरी, पुन्हा पट्टी.

स्पर्धेत तिचे पाय बघून लोक उठून उभे राहिले. ओरडून ओरडून बापाचा घसा बसला. शेवटच्या लढतीच्या शेवटच्या फेरीत ती डावीकडे सरकली आणि माझ्या वर, नडगीत, काहीतरी मोडले. ओली काटकी मोडावी तसे. बाहेर कोणालाच ऐकू गेले नाही. घंटा होईपर्यंत ती एका पायावर उभी राहिली. गुण मोजले, तिचा हात उंचावला, टाळ्या झाल्या. मग सगळे खाली उतरले आणि ती उतरेना.

हाडात सळई घालावी लागली. तिच्याकडून हरलेली मुलगी तिच्या जागी पुढे गेली. सर दवाखान्यात एकदा फुले घेऊन आले. दुकानात बाप नुसता वस्तरा चालवत राही. गिऱ्हाईक विचारी, पोरगी काय म्हणते? तो म्हणे, मान खाली करा. हातोडी आता औषधांच्या दुकानात काम करते. गल्ल्यामागे तिच्यासाठी एक उंच स्टूल आहे.

मी पलंगाखाली धूळ खात होतो. तिथे बरा होतो. पण एके दिवशी सरांनी आम्हा दोघांना मागून नेले, पुसले, आणि व्यायामशाळेच्या दारात काचेच्या कपाटात ठेवले. खाली पाटी लावली: ‘जिद्द’. नव्या मुलांना सर माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ही मोडक्या पायाने लढली. पायातली वहाण पायातच बरी, असे माणसे म्हणतात. मला तेव्हा पहिल्यांदा ते पटले.

मागच्या उन्हाळ्यात सरांनी हातोडीला मुलांसमोर बोलायला बोलावले. ती आली, जराशी लंगडत. मुले मांडी घालून बसली होती.

ती म्हणाली, “मी जिद्दीने लढले नाही. मला नाही म्हणता आलं नाही.”

सर हसले. “बघा, किती नम्र आहे,” ते म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जाताना तिला दाराशी एक छोटी मुलगी नडगी चोळताना दिसली. हातोडी तिच्यापाशी खाली बसली. “दुखत असेल तर आज घरी जा,” म्हणाली. मुलीने सरांकडे पाहिले. सर घड्याळ पाहत होते. मुलीने मोजा वर ओढला आणि दोरी उचलली. हातोडी कपाटाला धरून उठली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. का पाहावे?

तर मित्रांनो, कधी त्या दारातून गेलात तर खालची पाटी वाचू नका, माझा तळ बघा. झिजलेला बूट टाकून द्या, त्याला लाभाचा म्हणू नका. पाय दुखला तर सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने हसण्यावारी नेले तर तिसऱ्याला. मला चांगली लांब जीभ आहे, नाड्यांखाली नीट बसवलेली, पण ती हलत नाही. तुमची हलते.