तीन वर्षांच्या खंडाचं कारण

एम.ए.ला बसायचं तर माणसाकडून काय काय मागावं, याला काही सुमार? पदवीला पंचावन्न टक्के, दोन प्राध्यापकांची शिफारस, आपण हे का शिकतोय त्याचं हजार शब्दांचं पुराण, परकी भाषा येत असेल तर उत्तम. वर मुलाखत. दिल्लीचं विद्यापीठ, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. माझ्या लेकीकडे, वैदेहीकडे, सगळं होतं. फ्रेंचसुद्धा ती माझ्या उशाशी बसून शिकली, एका हाताने माझी लुळी बोटं चोळत आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून.

अडलं होतं ते एकाच ठिकाणी. बी.ए. झाल्यावर तीन वर्षं काय केलं ते सांगा म्हणे. काय केलं? आईचं हगणंमुतणं काढलं! महाडच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवणारी मी, पक्षाघाताने डावी बाजू गेली आणि अंथरुणाला खिळले. तिचे बाबा आधीच गेलेले. माझं तोंड तेवढं शाबूत राहिलं, आणि ते चालवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गेल्या वर्षी तिने मुलाखतीत खरं तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही इथे आल्यावर आईकडे कोण बघणार? मध्येच शिक्षण सोडून गेलात तर?" आमच्याकडे कामाला येणारी बनुबाई रात्रंदिवस राहायला तयार होती, पण ते त्या लोकांना कसं पटवायचं? पोरगी अडखळली, आणि जागा गेली. यंदाही नाही झालं तर पोलादपूरच्या पतपेढीत चिकटायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

फेब्रुवारीत पुन्हा तेच. "आई, या वेळी काय सांगू गं?"

माझं डोकं आधीच फिरलेलं. "सांग, मेली आई म्हणून! सुटशील एकदाची."

"काहीतरीच तुझं," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी असलं दिवसातून दहादा बोलते. कोण मनावर घेतं?

मुलाखत मार्चात आली, घरूनच, मोबाईलवर. बाहेर चवदार तळ्याकडे माणसांची रीघ लागलेली, भाषणांचे भोंगे चालू. तो आवाज जाऊ नये म्हणून वैदेहीने खिडक्या लावल्या, घरघर नको म्हणून दोन्ही खोल्यांतले पंखेही बंद केले आणि मधलं दार ओढून घेतलं. मी घामाने निथळत पडले होते. बनुबाई पुठ्ठ्याने मला वारा घालत होती. तिला इंग्रजीचा गंध नाही, पण कौतुकाने नुसती फुलली होती.

"काय बोलते हो ताय! फाडफाड!"

"गप गं, ऐकू दे."

बोलत होतीच तशी. समुद्रातल्या हद्दी, निर्वासितांचे करार, लहान देशांनी मोठ्यांशी कसं वागायचं, एकेक उत्तर खणखणीत. मला वाटलं, झालं, गड सर केला पोरीने. आणि मग तो प्रश्न आला. मधली तीन वर्षं?

"आई आजारी होती," वैदेही इंग्रजीत म्हणाली. "डिसेंबरात ती गेली. आता मला घरी थांबवणारं कोणी नाही."

पलीकडून कोणीतरी हळहळलं. ही "थँक यू" म्हणाली.

रडू कोसळावं, तर तेही नाही. राग आला, भयंकर राग आला. कार्टे, निदान आवाज तरी हलू द्यायचास! एवढं पाठ कधी केलंस? मला भरवताना? माझी वेणी घालताना? आणि त्या रागातही मला कळत होतं, की आता जागा मिळणार. अशा उत्तरावर कोण काय बोलणार?

"आता काय म्हनली हो?" बनुबाईने विचारलं. "मदर म्हनली, तेवढं समजलं मला."

"माझ्याबद्दल विचारलं त्यांनी," मी म्हणाले. "चांगलं सांगितलं तिने."

"सांगनारच! किती माया हाय तिची. अशी लेक नाय भेटत."

वैदेही दार उघडून आली. डोळे लाल. आल्या आल्या पायाशी बसली आणि माझा डावा पाय चेपू लागली, ज्याला काही जाणवत नाही तो.

"कशी झाली?"

"बरी झाली."

"देतील जागा?"

"देतील असं वाटतंय." मग खाली बघतच म्हणाली, "आई, तुला आत काही ऐकू येत होतं?"

जन्मभर पोरांच्या थापा पकडल्या मी. मला स्वतःला एक साधी थाप मारता येऊ नये?

"छे गं! या पंख्याच्या घरघरीत कुठलं ऐकू येतंय?"

बनुबाईचा पुठ्ठा हलायचा थांबला. वैदेहीने मान वर करून बंद पंख्याकडे पाहिलं. मग माझ्या पायावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. तिच्या केसांपर्यंत उजवा हात न्यायला बघितला, पण पोचला नाही.

"बनुबाई, पंखा लाव," मी म्हणाले. "आणि माळ्यावरची मोठी बॅग काढून पूस. हिला जायचंय."