कुंडीखालचं झाकण

त्यानं लोखंडी मोजपट्टी गुलाबाच्या वाफ्यात उभी रोवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून आकडा वाचला.

"सव्वाचार इंच. काल चार होतं."

मालक नाकाला रुमाल लावून फाटकाशी उभा होता. चपला भरू नयेत म्हणून त्यानं दोन्ही पाय एकाच विटेवर ठेवले होते आणि तोल सांभाळताना तो थोडा थोडा डुलत होता. घर त्याचं, जमीन त्याची, पण तिच्यावर पाय टेकवायची त्याची तयारी नव्हती.

"पावसाचं पाणी असेल, साहेब."

"दोन महिन्यांत पाऊस कुठं पडलाय? आणि तुमच्या पावसाला असा वास येतो?"

मालकानं रुमालाची घडी उलटली आणि दुसरी बाजू नाकाला लावली.  

मोजपट्टी पुसून त्यानं खिशात ठेवली. तो वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नजर निवृत्त झाली नव्हती. एकतीस वर्षं त्यानं पारड्याखाली चिकटवलेलं शिसं शोधलं, मापाचा ठोकून वर घेतलेला तळ शोधला, आणि एवढ्या वर्षांत त्याची एकच खात्री झाली: काटा प्रत्येकाचाच खोटा असतो, फरक फक्त कुणाचा किती एवढाच. याला त्यानं एक अपवाद मानला होता. ती, त्याची बायको, सात महिन्यांपूर्वी गेली.

वाफा तिचा. सात गुलाब, कडेनं पुदिना. त्याला गुलाबातलं काही कळत नव्हतं. ती असताना संध्याकाळी तिथं खुर्ची टाकायची आणि चहा हातात मिळायचा, एवढीच त्याची बागेशी ओळख. ती गेल्यावर मात्र तो दर झाडाला रोज एक लिटर पाणी मापून घालू लागला. पाच महिने झाडं जगली. मग खालून हे काळं पाणी पाझरायला लागलं. दोन झाडं वाळली, आणि तिसऱ्याची पानं आता कडेपासून काळी पडत होती.

दोषी कोण याची त्याला शंका नव्हती. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई एकटी राहायची. सकाळी सहाला तिचं मशीन सुरू झालं की खाली त्याच्या कपातला चमचा थरथरायचा. जिन्यावर तिच्या चिंध्या, कठड्यावर तिचे दोरे, फाटकाशी तिची गिऱ्हाइकं. न्हाणीघरात सगळं धुऊन काढते आणि केर तसाच मोरीत सोडते, हे त्यानं न पाहताच ओळखलं होतं. जिन्यात भेटली तर "काय काका, बरं आहे ना?" म्हणायची. तो घड्याळाकडे बघायचा.

"मी काय म्हणतो," मालक विटेवरून म्हणाला, "हे सगळं खणून कोबा घालून टाकू. पाणी दिसायचंच नाही. दोन गाड्या उभ्या राहतील."

"माझ्याकडे गाडी नाही."

"माझ्याकडे आहेत ना."

निर्लज्जपणालाही एक माप असतं. या माणसाला ते पुरलं नसतं. गेल्या आठवड्यात असंच बोलणं झालं तेव्हा निरीक्षकानं कागद घेऊन स्वतःच करार लिहून काढला होता. प्लंबर बोलावून तपासणी करायची. चूक ज्याची निघेल त्यानं भोगायचं. वरचीची निघाली तर तिनं महिन्याच्या आत खोली सोडायची, मालकानं बागेला हात लावायचा नाही. आपली निघाली तर सोमवारी कोबा. मालकानं न वाचता सही ठोकली, कारण कुठूनही त्याचा फायदाच होता. बाईनंही केली. तिनं मात्र शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "काका, एवढं कशाला?"

"चोख काम असावं म्हणून."

आज शनिवार. प्लंबर दहाला येणार होता, तो साडेअकराला आला. आल्या आल्या त्यानं वाफ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठनं येतंय, आजोबा?"

"ते सांगायला तुम्हाला बोलावलंय. आणि मी तुमचा आजोबा नाही."

"गटाराचं चेंबर कुठंय?"

निरीक्षकानं मालकाकडे बघितलं. मालकानं त्याच्याकडे. घर बांधलं मालकाच्या वडिलांनी, नकाशा त्यांच्याबरोबरच गेला होता. प्लंबर पहारीनं इथं तिथं ठोकून बघू लागला. पुदिन्यावर त्याचा बूट पडला.

"पाय बघून टाका!"

"गटार शोधायचंय की भाजी जपायचीय?"

एक माणूस धड नसावा, त्यानं मनात म्हटलं. एकाला घर माहीत नाही, दुसऱ्याला धंदा माहीत नाही. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"त्या मोठ्या कुंडीखाली बघा."

बाई गळ्यात माप घ्यायची टेप टाकून मधल्या पायरीवर उभी होती.

"तुला काय माहीत?" मालकानं विचारलं.

तिनं एकदा काकांकडे बघितलं, मग टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

कुंडी सरकवली तर खाली झाकण होतं. दहा-पंधरा वर्षांचं असेल, पण गंजून बसलेलं नव्हतं. प्लंबरनं पहार घातली आणि ते डब्याच्या झाकणासारखं अलगद वर आलं. आत गळ्यापर्यंत काळं पाणी. विटांच्या सांध्यांतून ते वाफ्यात झिरपत होतं, हे आता कुणालाही दिसत होतं. प्लंबरनं बाही खांद्यापर्यंत चढवली, तोंड फिरवून हात आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला. मग काहीतरी ओढून काढलं आणि फरशीवर आपटलं.

ती एक जुनी गाळणी होती. मूठ कापून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर बसवलेली. तिच्यात लाल, निळे, पिवळे दोरे गच्च गोळा होऊन बसले होते, ओल्या लोकरीसारखे.

"बघा," तो म्हणाला. आवाजात त्याला हवा तेवढा संयम ठेवता आला नाही. "बघा, मी काय सांगत होतो!"

"दोऱ्यांचं सोडा हो," प्लंबर हात झटकत म्हणाला. "ही जाळी बघा. कुणा दीडशहाण्यानं पाइपाच्या तोंडाला बूच मारलंय! ही रोजच्या रोज उपसली तर ठीक. नाहीतर तुंबणारच. अशी अक्कल चालवणाऱ्याला आधी या चेंबरात उतरवला पाहिजे."

"आणखी कोण असणार?" मालक पहिल्यांदाच विटेवरून खाली उतरला. "झाकण हिला माहीत, दोरे हिचे. बाई, तीस तारखेला किल्ली द्यायची. करारावर सही आहे तुझी."

बाईचं तोंड उतरलं. "दोरे माझेच आहेत," ती म्हणाली. "मी नाही म्हणत नाही."

"आणि जाळी?"

तिनं पुन्हा काकांकडेच बघितलं.

त्याला तिचं हे बघणं आवडलं नाही. दया मागत असेल, त्याला वाटलं. तो गाळणीवर वाकला. एकतीस वर्षांची सवय. पुरावा हातात घेतल्याशिवाय पंचनामा नाही. गाळणी कडेला तारेनं आवळली होती. पातळ, दोन पदरी, पीळ दिलेली तार. टोकं उजवीकडे तीनदा वळवून आत दाबलेली, बोटाला टोचू नयेत म्हणून.

ती मोहोर लावायची तार होती. सरकारी काट्याला शिसं ठोकताना वापरायची, बाजारात न मिळणारी. निवृत्त होताना उरलेलं एक रीळ तो घरी घेऊन आला होता आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवून विसरला होता. आणि तो पीळ त्याचा होता. उजवीकडे तीन वेढे, टोक आत. रात्री जेवण झाल्यावर टेबलावर बसून तो पुढच्या दिवसाच्या तारा वळून ठेवायचा, तेव्हा समोर एकच माणूस बसलेलं असायचं.

"तर मग ठरलं," मालक म्हणत होता. "साहेब, तुमची बाग राहिली. खूश?"

त्यानं मान वर केली. पाच गुलाब होते. एकाला कळी होती. गप्प बसायला काहीच करावं लागणार नव्हतं. पण ही अशी आवळून, टोकं दाबून केलेली नेटकी बांधणी त्या बाईच्या नावावर जाणार, जिला जिन्यावरच्या चिंध्या उचलता येत नाहीत? ते त्याच्या घशाखाली उतरेना.

"जाळी आमची आहे," तो म्हणाला.

"काय?"

"माझी. मी बसवली. तार माझ्या खात्याची आहे."

प्लंबर मोठ्यानं हसला. "वा, आजोबा! चांगले साहेब होतात म्हणे, आणि एवढी अक्कल नव्हती?"

"नव्हती."

"दोन महिने माझं डोकं खाल्लंत," मालक म्हणाला. त्याचा चेहरा राग आणि आनंद यांच्या मधे कुठंतरी अडकला होता. शेवटी आनंद जिंकला. "सोमवारी माणसं पाठवतो. झाडंबिडं काढून ठेवा." रुमाल खिशात घालत तो फाटकाबाहेर पडला, आणि बाहेरूनच नजरेनं जागेची लांबी-रुंदी मोजून गेला.

प्लंबर सळई आणायला गाडीकडे गेला. बाई जिना उतरून खाली आली आणि चेंबरच्या पलीकडे उभी राहिली.

"काका, तुम्ही कशाला घेतलंत अंगावर?"

"तुमच्यासाठी नाही."

"ते माहीत आहे मला." ती थोडं थांबली. "मी इथं राहायला आले तेव्हाच एकदा तुंबलं होतं. तुम्ही मालकाला सांगून मला घालवाल म्हणून मी रडकुंडीला आले होते. काकूंनी ही जाळी केली. दर शनिवारी तुम्ही वाचनालयात गेलात की झाकण काढायच्या आणि हातानं सगळं उपसायच्या. मी म्हटलं मी करते, तर म्हणाल्या, तुझ्या हाताला वास लागला तर गिऱ्हाईक कपडा देईल का?"

तो वाफ्याकडे बघत राहिला.

"आणि म्हणाल्या, यांना सांगू नकोस. यांना लोकांची घाण दिसली की राहवत नाही."

"मग त्या गेल्यावर तुम्ही का नाही..."

"मला वाटलं, तुम्ही करता."

  शनिवारी वाचनालयातून परत आलं की तिच्या हातांना साबणाचा दाट वास यायचा. तो चेष्टा करायचा: "काय, कुठं लग्नाला निघालीस?" ती हसायची आणि पान वाढायची.

"झाडं काढायची तर डबे आहेत माझ्याकडे," बाई म्हणाली. "गच्चीवर ऊन चांगलं असतं."

"तुम्ही मुळं तोडाल."

"मग तुम्ही धरा. मी खणते."

 प्लंबर सळई घेऊन आला, दोनदा खुपसली आणि म्हणाला, "तोंडाशी गोळा अडकलाय. हातानंच काढायला लागेल. सरका, आजोबा."

पण आजोबा गुडघ्यांवर बसले होते. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी फरशीवर ठेवलं आणि बाही वर केली.

"अहो, घाण आहे ती! तुमचं काम नाही."

हात कोपरापर्यंत आत गेला, मग त्याच्याही वर. पाणी थंड होतं आणि आतलं काहीच दिसत नव्हतं. बोटांना गुळगुळीत, दोऱ्यांसारखं काही लागलं. त्यानं ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गडगडाट झाला आणि सगळं काळं पाणी फिरत फिरत खाली उतरलं. बाईनं बागेतल्या नळाची तोटी सोडली आणि साबणाची वडी त्याच्यापुढे धरली.

"दोनदा लावा," ती म्हणाली. "एकदा लावून वास जात नाही."

त्यानं एकदाच लावला, आणि तोटी बंद केली.