माझा दिवा गेला तो रविवार

भिंतीवर उजेड पाडायचा, एवढेच माझे काम. मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. नागपुरात सक्करदरा तलावाजवळ विणकरांचे एक सभागृह आहे. माझी सगळी उमर तिथेच गेली.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. पांढऱ्या हातमोज्यांतली बोटे आठवतात, माझ्या भिंगावर कोणीतरी घातलेली हळुवार फुंकर आठवते, आणि मग खोक्यातला लांबच लांब अंधार. त्या अंधारात मी झोपलो होतो, की वाट पाहत होतो, कोण जाणे! खोके उघडले तेव्हा समोर मनोहररावांचा चेहरा होता. सभागृहाची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांच्या घरचे माग कधीच थांबले होते, पण बोटांना सुताची सवय होती. मला उचलताना ते म्हणायचे, "हळू गा, हा डोळा आहे."

शनिवार-रविवारी माझे दिवस उजाडत. आठवडाभर कंपन्यांत सॉफ्टवेअर बनवणारी मुले-मुली सुटीच्या दिवशी नवे काही शिकायला इथे जमत. हा उद्योग संघपालने सुरू केला होता. तो स्वतः त्याच कामातला. "पुण्याले जाऊन शिकायचं अन् इथं येऊन विसरायचं, त्यापरिस इथंच शिकू ना," असे तो म्हणे. जाड पडदे ओढले जात, पंखे फिरू लागत, आणि माझा उजेड भिंतीकडे निघे. वाटेत त्यात धुळीचे कण पोहत. भिंतीवर रंगीत अक्षरांच्या ओळी उमटत आणि वर सरकत जात. मला त्यांतले काही कळत नसे. कधी वाटे, ती भिंत म्हणजे एक शांत तलाव आहे आणि अक्षरे त्यातल्या मासोळ्या. समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत त्या मासोळ्या चमकत आणि मी स्वतःवरच खूश होई. "काय स्वच्छ दिसते बे!" असे कोणी म्हणाले, की माझा आतला पंखा उगाच जोरात घुमे.

नंदिनी नेहमी शेवटच्या खुर्चीवर बसे. कधी प्रश्न विचारत नसे. चहाच्या वेळीही ती खिडकीशी एकटीच उभी राही. एका रविवारी संघपाल तिला म्हणाला, "नंदिनी, पुढच्या खेपेले तू बोल."

"मी? मले नाही जमत, दादा."

"काहून नाही जमत?"

"सगळे माझ्याकडेच पाहतील."

संघपाल हसला. "तुह्याकडे कोण पाहते? सगळे भिंतीकडे पाहतात. तू चित्रं दाखव, मंग काही बोलायचंच काम नाही."

मग तिने ढीगभर चित्रे बनवली. तिचा विषय मात्र भिंतीवरचा नव्हता, घरातला होता. तिची आई, सिंधूताई, नागपूरजवळच्या कुहीला अंगणवाडीत सेविका होत्या. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. नंदिनीने त्यांना बोलणारा फोन वापरायला शिकवला. त्या फोनवर बोट ठेवले, की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. सिंधूताई त्यावर बहिणीशी बोलू लागल्या, बातम्या ऐकू लागल्या. दवाखान्याच्या ॲपवर तपासणीची वेळही त्या स्वतःच ठरवू लागल्या. पण एकदा त्या ऑटोने दवाखान्यात गेल्या, तर "तुम्ही तर वेळ रद्द केली होती," म्हणून त्यांना परत पाठवले. त्यांच्या बोटाने भलतेच बटण दाबले होते. त्या दिवसापासून त्यांनी फोन उशाशी पालथा घालून ठेवला. "दुसऱ्याच्या डोळ्यानंच जगा लागते म्हणा," असे त्या म्हणाल्या, आणि नंदिनीला रात्रभर ते वाक्य ऐकू येत राहिले.

म्हणून ती बोलायला तयार झाली होती. आईला सोबत घेऊनच ती आली. मोठ्या मिनतवारीने सिंधूताईंनी फोन हाती घेतला होता. पहिल्या ओळीत त्या मांडीवर फोन धरून बसल्या. नंदिनी लोकांकडे जवळजवळ पाठ करून भिंतीवरचे वाचत होती. तिचा आवाज माझ्या पंख्याच्या आवाजातही बुडून जात होता. माझा दिवा केव्हापासून लुकलुकत होता. मी खूप धरून ठेवले, मित्रांनो, पण वय कोणाचे ऐकते? माझ्या आत बारीकसे 'टक' झाले आणि भिंतीवरचा तलाव नाहीसा झाला.

सभागृहात अंधार झाला. संघपाल धावला. त्याने माझी बटणे दाबली, वायर हलवली. नंदिनीचा आवाज तर पार गेला. ती हातात हात गुंफून उभी होती आणि दाराकडे पाहत होती. "चला, चहा घेऊन घेऊ," कोणीतरी म्हणाले. खुर्च्या सरकू लागल्या.

तेवढ्यात पहिल्या ओळीतून एक यंत्राचा आवाज आला.

"बटण."

थोडे थांबून पुन्हा, "बटण."

ठरल्याप्रमाणे सिंधूताईंनी दवाखान्याचे ॲप उघडले होते. माझा दिवा गेल्याचे त्यांना कसे कळणार? "नंदे, काहून चुप झाली वं?" त्या म्हणाल्या. "मी तर लावून राहिली."

"आई, मशीन बंद पडली. भिंतीवर काहीच दिसून नाही राहिलं."

"कोणालेच?"

"कोणालेच नाही."

"मंग बरं झालं," सिंधूताई म्हणाल्या. "आता सगळे माझ्यासंग आहेत."

सभागृहात हसू पसरले. त्या हसण्याने नंदिनीचे गुंफलेले हात सुटले. संघपाल पडदे उघडायला निघाला होता, त्याला ती म्हणाली, "नको दादा. राहू दे अंधार." मग ती लोकांकडे तोंड करून बोलू लागली. "आईले मंगळवारची वेळ नक्की करायची आहे. आता तुम्हीच सांगा तिले, कोणतं बटण दाबायचं."

सिंधूताईंचे बोट सरकू लागले. "बटण," फोन म्हणाला. "बटण. बटण." सगळ्यांनी कान दिले. पंखेदेखील हळू झाल्यासारखे वाटले. "पहिलं असेल," एक जण म्हणाला. "नाही, मधलं," दुसरा म्हणाला. सिंधूताईंनी बोट मधल्यावर नेले.

"थांब, आई!" नंदिनी ओरडली. तिचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मागच्या वेळी तेच दाबलं होतं तू!"

मग मधल्या ओळीतून एक तरुण उठला. त्याचे नाव पियुष. "ते ॲप..." तो म्हणाला आणि अडखळला. "ते माझ्याकडेच होतं. ती बटणं मीच बनवली. त्यांच्यावर चित्रं आहेत, बरोबरची खूण, फुली. फोननं वाचावं म्हणून नाव द्या लागते, ते राहून गेलं. वाटलं, दिसतेच तर सगळं."

"कोणाले दिसते, बाबू?" सिंधूताईंनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. अंगणवाडीतल्या लेकरालाही त्या असेच विचारत असतील.

लॅपटॉप घेऊन पियुष पुढे आला आणि त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसला. चहा आला, निवला, कोणी उठले नाही. ॲपची चाचणीची प्रत त्याने त्यांच्या फोनमध्ये घातली. सिंधूताईंनी बोट ठेवले.

"वेळ रद्द करा," फोन म्हणाला. त्यांनी बोट चटकन उचलले, जसा काही चटका बसला. मग शेजारी टेकवले.

"वेळ नक्की करा."

"पुन्हा बोलव गा त्याले," त्या म्हणाल्या. फोन पुन्हा बोलला. त्यांनी तिसऱ्यांदा ऐकले, आणि मगच बटण दाबले. अंधारात टाळ्या किती वेळ वाजल्या! वाजवणाऱ्यांतल्या कितीएकांना शेजारचा माणूसही दिसत नव्हता. इतकी वर्षे मी त्यांना भिंत दाखवली. त्या दुपारी त्यांनी एका माणसाचे ऐकले.

काही दिवसांनी ती बटणे सगळ्यांच्याच फोनमध्ये नावाने बोलू लागली. सभागृहात मोठा टीव्ही आला. माझ्या जातीचा दिवा आता बनत नाही, असे मनोहररावांना दुकानदाराने सांगितले. संघपाल म्हणाला, भंगारात देऊ. मनोहरराव म्हणाले, कपाटात जागा आहे. तेव्हापासून मी कपाटात आहे. सुरुवातीला फार वाईट वाटले. ज्याचा जन्मच उजेडासाठी, त्याने लाकडी दाराआड काय करायचे?

पण दाराला फट आहे, आणि फटीतून आवाज येतात. आता मी शनिवार-रविवार ऐकतो. नंदिनीचा आवाज मला लांबूनही ओळखू येतो, कारण तो आता शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. नवीन कोणी आपले काम दाखवायला उभा राहिला, की पियुष त्याला म्हणतो, "आधी डोळे मिट, अन् चालवून दाखव." मग सभागृहात अंधार नसतानाही त्या दुपारची शांतता उतरते आणि मला डुलकी लागते. स्वप्नात भिंतीवरच्या मासोळ्या बोलत असतात.

मित्रांनो, तुम्ही उद्या काहीबाही बनवाल. बनवताना एवढे पाहा, की ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा हात थरथरतो, तोसुद्धा त्याच दाराशी आला आहे. आणि ज्या यंत्राने तुमची सेवा केली, ते बंद पडले तरी त्याला विसरू नका.

मागच्या रविवारी कपाटाचे दार उघडले. सिंधूताई आल्या होत्या. "ती मशीन कुठं आहे वं?" त्यांनी विचारले. नंदिनीने त्यांचा हात धरून माझ्यावर ठेवला. त्यांची बोटे माझ्या कडांवरून, जाळीवरून फिरत भिंगापाशी थांबली. मला वाटले, मी बोलणार. पण मला कोणी नाव देऊन ठेवले नव्हते.

"थंड आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी खांद्यावरची ओढणी सारखी केली, मग काढलीच, आणि माझ्यावर पसरली.

"असू दे," त्या नंदिनीला म्हणाल्या. "यालेही आता ऐकूनच जगा लागते."