अवसेच्या दुपारी

राघोत्तमरावांना संशय आला तो पंचांगावरून. त्यांच्या मद्रासमधल्या मैलापूरच्या घरी माडीवर राहणारा विद्याधर साताऱ्याकडचा, शहराबाहेर आवडी गावच्या लष्करी कारखान्यात नोकरीला. ना संध्या, ना देवाला नमस्कार. अशा माणसाच्या टेबलावर पंचांग कशाला हो? आणि त्यात अमावास्यांना लाल खुणा!

रावांनी पाळत ठेवली. निवृत्त हेडमास्तरच ते, दुसरा उद्योग काय? कार्तिकापासून दर अवसेला हा पठ्ठ्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी येई, काखेत पंच्याची गुंडाळी आणि हातात भाताची पुडी घेऊन अड्यार नदीच्या मुखाकडे जाई, आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांनी परते. कुठे होतास विचारलं, तर म्हणे, "हवा खायला." भर दुपारी, मद्रासेत!

गोष्ट साधी असती तर रावांनी सोडून दिली असती. पण याच विद्याधरला त्यांची लेक कनका द्यायचं ठरत आलं होतं. तीन स्थळं मोडलेली, सव्विसावं सरलेलं. पत्रिका जुळली, साताऱ्याहून होकार आला, आणि कितीतरी वर्षांनी पोरगी घरात गुणगुणायला लागली होती.

"अय्यय्यो सरोजा, हा तर्पण करतोय!" राव बायकोला म्हणाले.

"तर्पण कसं? त्याचे वडील चांगले जिवंत आहेत की."

"तेच तर! बाप जिवंत असलेला माणूस अवसेला पाणी सोडतो कोणाला? याची पहिली बायको मेलीय, आणि आपल्यापासून लपवलीय!"

"विचारून बघा त्यालाच."

"चोराला विचारायचं, चोरी केलीस का म्हणून?"

पौषातल्या अवसेला सकाळीच त्यांनी साताऱ्याला पत्र लिहून पेटीत टाकलं: तुमच्या मुलाचं पहिलं लग्न कळलं, सोयरीक मोडली. मग दुपारी खात्री करायला त्याच्या मागोमाग निघाले. आधी निकाल, मग तपासणी, असा त्यांचा खाक्या.

नदीच्या मुखाशी पाणी पार ओसरलं होतं. विद्याधर चिखलात पालथा पडला होता, शेजारी उलगडलेला पंचा आणि अर्धी खाल्लेली भाताची पुडी, डोळ्यांना दुर्बीण. राव तरातरा गेले. "बोल! कोण होती ती? नाव सांग!"

"शूऽऽ!" त्यानं चक्क होणाऱ्या सासऱ्याचं धोतर धरून खाली ओढलं आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली. "त्या घोळक्यात बघा. डावीकडून तिसरा."

चिमणीएवढे पक्षी चिखल टोचत होते. एक मात्र टोचत नव्हता. मान खाली घालून तो चोच डावीउजवीकडे फिरवत, चिखल चाळल्यासारखा पुढे सरकत होता. मग त्यानं तोंड इकडे वळवलं. चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट!

"सायबेरियाच्या बर्फातून येतो," विद्याधर कुजबुजला. "फार थोडे उरलेत म्हणतात. अवसेला ओहोटी मोठी, चिखल लांबवर उघडा पडतो. पुनवेलाही पडतो, पण महिन्यात दोनदा रजा कोण देणार? तेव्हा हा येईल म्हणून तीन हिवाळे वाट बघतोय. आज पहिल्यांदा दिसला."

"म्हणून पंचांग?"

"म्हणून पंचांग."

"मग सांगायचं नाही होय रे?"

"चीनच्या लढाईपासून आवडीत दुर्बीणवाल्याकडे कसं बघतात, ठाऊक आहे? हेर म्हणून नोकरी जायची. पण तुम्ही 'ती' कोण म्हणून विचारत होता?"

तर्पण, मेलेली बायको, सकाळचं पत्र, सगळं रावांनी सांगून टाकलं. विद्याधरनं दुर्बीण पंच्यात गुंडाळली.

"वडील रागीट आहेत," तो म्हणाला. "पत्र वाचलं की माझंही ऐकणार नाहीत. आजच तार गेली पाहिजे, आणि तुमच्या नावानं."

चिखलानं भरलेल्या धोतरानिशी राव तार ऑफिसात शिरले. कनकाचं गुणगुणणं कानात होतं, लाजेनं मान वर होत नव्हती. त्यांनी इंग्रजीत लिहिलं: पत्र येईल ते फाडा. मुलगा निर्दोष. लग्न ठरलं. चूक सर्वस्वी माझी.

कारकुनानं पेन्सिल शब्दांवरून फिरवली. "सार, मजकूर तिसऱ्या वाक्यापर्यंत पुरा होतो. शेवटचं गाळू? पैसे वाचतील."

उभ्या जन्मात रावांनी कोणापुढे चूक कबूल केली नव्हती. त्यांनी मागे उभ्या असलेल्या विद्याधरकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "तेवढं राहू द्या."