काचेमागची बत्ती

ईश्वरदासचे डोळे गेले, हे साऱ्या गावाला कळलं; फक्त डोळ्यांच्या डॉक्टरला कळलं नाही. गोंदियाच्या त्या डॉक्टरने त्याला तक्त्यावरची सगळ्यांत बारीक ओळ वाचायला लावली. ती त्याने वाचलीच, शिवाय खाली कोपऱ्यात छापलेलं प्रेसचं नावही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, छप्पन्नाव्या वर्षी असे डोळे असतील तर बिरसीच्या विमानतळावर जाऊन विमान शिका. ईश्वरदासला विमान नको होतं. त्याला त्याची ॲम्ब्युलन्स परत पाहिजे होती.

ॲम्ब्युलन्स म्हणजे कामठ्यापलीकडच्या त्यांच्या गावच्या सेवा मंडळाची पांढरी व्हॅन. राइस मिलवाले भैयाजी मंडळाचे अध्यक्ष, आणि व्हॅन त्यांनीच दिलेली. नऊ वर्षं ईश्वरदासने ती चालवली आणि नऊ वर्षांत एका कोंबडीशिवाय कोणाची तक्रार आली नाही. या दिवाळीत मात्र भैयाजींच्या वडिलांना, शालीकरामजींना, जाऊन दहा वर्षं झाली. त्यांचं स्मरण कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून टपावर सहा फुटी पाटी चढली. पाटीमुळे टपावरच्या लाल-निळ्या बत्तीला जागा उरेना, तेव्हा बत्ती आत आली: समोरच्या काचेमागे, डॅशबोर्डवर. तिच्याखालीही शालीकरामजी होतेच, आरशासारख्या चकचकीत स्टीलच्या पट्टीवर, कोरीव अक्षरांत. पट्टी रोज पुसायची असा मंडळाचा ठराव झाला. इंजिन ऑइलबद्दल मंडळाचा कोणताही ठराव नव्हता.

मग डिसेंबर आला. एका संध्याकाळी ईश्वरदास पेशंट घेऊन निघाला आणि दवाखान्याचं फाटक सोडून शेजारच्या लग्नाच्या लॉनमध्ये शिरला. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव आला. त्यांनी वाजवायला सुरुवातसुद्धा केली. आठवडाभराने, सकाळी सहाच्या धुक्यात, तो शकुंतलाबाईंना घेऊन जात होता. अंगणात घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. वळणावर व्हॅन सरळ धानाच्या तणसाच्या ढिगात घुसली. तणस मऊ, कोणाला ओरखडाही आला नाही. शकुंतलाबाईंच्या मते तर अंगणात पडण्यापेक्षा हे पडणं बरं होतं. पण त्यांनी दवाखान्यातून साक्ष पाठवली की वरच्या आरशात त्यांनी स्वतः पाहिलं, ड्रायव्हर डोळे मिटून गाडी चालवून राहिला होता.

मंडळाची बैठक बसली. ईश्वरदासने कबूल केलं. पेशंट असला का समोर पडदा पडते, तो म्हणाला, डोरे आपोआप बारीक होते जी. मंडळाने परीक्षा घ्यायचं ठरवलं. अंधार पडल्यावर सात सभासद व्हॅनच्या मागे दाटीवाटीने बसले आणि ईश्वरदासने त्यांना कालव्याच्या काठाकाठाने, समोरून येणाऱ्या दोन बैलगाड्यांच्या मधून, ओरखडाही न येऊ देता फिरवून आणलं. निष्कर्ष निघाला तो असा: पेशंट नसला की माणसाला दिसतं, पेशंट बसला की दिसत नाही. सभासद चांगलेच खूश झाले. इतक्या वर्षांत मंडळाला विचार करण्यासारखं पहिल्यांदाच काही मिळालं होतं. एक जण म्हणाला, भीती आहे. दुसरा म्हणाला, माया आहे, जास्तीची. तिसऱ्याने ताईत सुचवला आणि ताईतवाला आपला साळा असल्याचंही प्रामाणिकपणे सांगितलं. शेवटी भैयाजींनी चावी काढून घेतली. पुढच्या रविवारी ती त्यांच्या पुतण्याला, ओमेशला, द्यायची ठरली. ओमेश दिवस मावळल्यावरही काळा गॉगल काढत नसे, पण त्याच्या डोळ्यांबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

ईश्वरदासच्या हाती सहा दिवस उरले. चावी गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण दुःखापेक्षा कुतूहल जास्त छळत होतं. पेशंट असला की वेगळं काय असतं? त्याने घरीच प्रयोग केला. बायकोला, शामकलाला, खाटेवर झोपवलं, आपण पुढे वेताच्या मोड्यावर बसला, हातात स्टिअरिंग म्हणून परात धरली आणि तिला कण्हायला सांगितलं. शामकला मन लावून कण्हली. शेजारीण काढा घेऊन आली. ईश्वरदासला मात्र समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली अमावस्यासुद्धा स्वच्छ दिसली. मग त्याने डेटॉलचा बोळा नाकाशी धरून पाहिला, एका शेजाऱ्याला मागून "लवकर, लवकर" म्हणायला लावलं. काही फरक नाही. शामकला म्हणाली, उद्या कण्हायला दुसरी पाहा, मला बिड्या बांधायच्या आहेत.

गुरुवारी दिवेलागणीला तो ओट्यावर बसला होता. शामकला दिवा घेऊन तुळशीकडे निघाली. नेहमीसारखा एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीला आडवा. तीस वर्षं तो हे पाहत आला होता आणि तीस वर्षं त्याला वाटत होतं की हात वाऱ्यासाठी असतो. पण आज वारा समोरून, तळ्याकडून येत होता. आणि तळवा होता अलीकडे, तिच्या तोंडापुढे.

"हवा तिकडून येऊन राहिली," तो म्हणाला, "अन् हात इकडून काऊन?"

"हवेनं विझला तं पुन्हा लावता येते," ती पायरी उतरत म्हणाली. "डोऱ्यात दिवा भरला तं पायरी नाही दिसत. तुमच्या मायनंच शिकवलं मले."

ईश्वरदास उठून उभा राहिला. तुळशीपर्यंत गेला. तिच्या हातातून दिवा घेतला आणि तळवा न धरता चालून पाहिलं. पायरी दिसली नाही. तळवा धरला, पायरी दिसली. शामकलाला वाटलं, याला भक्ती लागली.

भैयाजींचा नियम होता: पेशंट असल्याशिवाय बत्ती लावायची नाही, बॅटरी उतरते. परीक्षेच्या दिवशी मागे सात सभासद होते, पण त्यांतला एकही आजारी नव्हता. बत्ती बंद होती.

शुक्रवारी सकाळी तो खेमराजच्या पंक्चरच्या दुकानात गेला. खेमराजला त्याने नीट समजावलं: उजेड पुढे जाऊ दे, मागे ड्रायव्हरकडे यायला नको. खेमराजने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पेटीसारखी झापड वाकवली आणि आतून-बाहेरून काळी रंगवली. मग दोघांनी पंक्चरच्या टेबलावर खिडकीची जुनी काच उभी करून मागे टॉर्च ठेवून पाहिली. पत्रा आणि काच यांच्यामध्ये बोटभर फट होती. उजेड त्या फटीतून काचेवर आपटून परत डोळ्यांत येत होता. खेमराजने सायकलची ट्यूब चिरली आणि झापडीच्या कडेला चारही बाजूंनी चिकटवली. रबर काचेवर दाबून बसलं आणि मागे अंधार झाला. "पानी नाही निंगत याच्यातून," खेमराज म्हणाला, "उजेड काय निंगते." पैसे त्याने घेतले नाहीत, प्रयोग बघायला रविवारी येतो म्हणाला.

रविवारी दिवस मावळताना मंडळ भैयाजींच्या मिलच्या आवारात जमलं. चावी ओमेशच्या हातात जायची तेवढी बाकी होती. ईश्वरदासने एकच मागणं केलं: भैयाजींनी पाच मिनिटं ड्रायव्हरच्या जागेवर बसावं, इंजिन बंद ठेवून. भैयाजी बसले. सभासद दहा पावलं पुढे जाऊन उभे राहिले. एवढी माणसं कशाला जमली म्हणून भैयाजींच्या आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कुंदाबाई, काठी टेकत आल्या आणि सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या. ईश्वरदासने बटन दाबलं.

व्हॅनमध्ये लाल-निळी धुळवड सुरू झाली. भैयाजींनी डोळे बारीक केले. मग एकदम हात जोडले.

"क्या दिखता है जी?" ईश्वरदासने गोंदियाच्या रिवाजाप्रमाणे हिंदीत विचारलं.

"बाबूजी," भैयाजी भरल्या आवाजात म्हणाले.

ईश्वरदासने वाकून पाहिलं. खरंच होतं. स्टीलच्या पट्टीवरचं नाव काचेत उमटलं होतं, उलटं, हातभर मोठं, एकदा लाल आणि एकदा निळं. आपल्या बापाचं नाव माणूस कसंही ओळखतो. हे ईश्वरदासच्या हिशेबात नव्हतं. भैयाजी इतके प्रसन्न झाले की म्हणाले, ही बत्ती अशीच राहू द्या, यात बुराई काय आहे? बाबूजी रोज रस्ता दाखवतील. ओमेशने गॉगल सारखा केला. चावी ईश्वरदासपासून आणखी चार पावलं लांब गेली.

"बराबर आहे जी," ईश्वरदास शांतपणे म्हणाला. "आता सांगा, त्यायच्या मागं कोन उभं आहे?"

भैयाजींनी पाहिलं. मान पुढे काढून पाहिलं. "कोणीच नाही."

ईश्वरदासने पट्टीवर शामकलाचं काळं लुगडं घडी करून पसरलं, झापड बत्तीवर बसवली आणि रबर काचेवर गच्च दाबलं. बाहेर लाल-निळा उजेड तसाच फेकला जात होता, मिलच्या भिंतीवर, सभासदांच्या टोप्यांवर. आत मात्र साधा संध्याकाळचा अंधार उरला.

"अम्मा?" भैयाजी म्हणाले. "वहाँ ठंड में क्यों खड़ी हो?"

"मी केव्हाची उभी आहो," कुंदाबाई म्हणाल्या. "तुले आता दिसली."

भैयाजी खाली उतरले. चावी त्यांनी ओमेशकडे न पाहताच ईश्वरदासच्या हातावर ठेवली. स्टीलची पट्टी कुंदाबाईंच्या सांगण्यावरून मागच्या दारावर गेली. झापडीवर तरी नाव हवंच, यावर मंडळाची आणखी एक बैठक झाली. पांढऱ्या अक्षरांचा उजेड काचेत पडेल, हे भैयाजींना आता स्वतःला कळत होतं. म्हणून काळ्या पत्र्यावर काळ्याच रंगाने "कै. शालीकरामजी यांच्या स्मरणार्थ" असं सुबक लिहून घेतलं, आणि ठरावाप्रमाणे ईश्वरदास ते रोज पुसतो.

महिन्याभराने शकुंतलाबाईंना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. धुकं होतं, बत्ती लावली होती. तणसाच्या ढिगाच्या वळणापर्यंत त्या वरच्या आरशावरून नजर हलवायला तयार नव्हत्या. वळण गेल्यावर म्हणाल्या, "उघडे आहेत." आणि तेव्हा कुठे त्यांनी आपले मिटले.