आखडलेली दोरी

नगरच्या त्या जुन्या स्टेडियमवर सोमवारी जेसीबी येणार होता. तिथे आता दुकानांचे गाळे होणार. उभा जन्म तिथल्या धावपट्टीवर चुन्याची फक्की मारून रेघा आखण्यात घालवलेला नूरुद्दीन शनिवारी दुपारीच गेटजवळ येऊन बसला. एकेकाळी तिथे पळालेली माधुरी साळवे मैदान शेवटचं बघायला येणार होती, आणि तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. राहून कसली, तेहतीस वर्षं त्याने ती गिळून ठेवली होती.

स्टेडियम आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. चार पायऱ्यांची गॅलरी, मुरमाची धावपट्टी आणि भिंतीवर रंगवलेली विक्रमांची यादी. पण त्याच मुरमावर पारनेरची, तिसगावची पोरं अनवाणी पळून लष्करात भरती झाली. हल्ली सकाळी शुगरवाले चालायला येत, तेवढेच. बायको रोशनबी वारली, लेक फराज पुण्याला गेला, तरी निवृत्त नूरुद्दीन रोज येऊन गॅलरी झाडून जाई. घरी बोलायला कोण होतं?

धावपट्टीची गोलाई तो दोरीने आखायचा. मधोमध खुंटी ठोकायची, चुन्याच्या पाण्यात भिजवलेली दोरी ताणायची आणि खूण उठवत फिरायचं. दोरी त्याच्या वडिलांची. कोणी टेप आणायचं नाव काढलं की त्याला राग यायचा.

एक्क्याण्णव साली जिल्ह्याच्या स्पर्धांत सोनईची सतरा वर्षांची माधुरी आठशे मीटर दोन मिनिटं चौदा सेकंदांत पळाली. भिंतीवर नाव चढलं. महिन्याने पुण्यात राज्याच्या निवड स्पर्धेत तिला दोन मिनिटं सोळा सेकंद लागले, पाचवी आली, निवड हुकली. पोरगी मोठ्या मैदानावर बावरली, असं सगळे म्हणाले. तिने बूट पेटीत टाकले ते कायमचे.

त्या दिवाळीत स्टेडियमला पोलादी टेप आली. नूरुद्दीनने सहज म्हणून दोरी मोजली. वर्षानुवर्षं भिजून, वाळून ती मीटरभर आखडली होती. म्हणजे फेरीमागे सहा मीटर कमी. नोकरीत कायम करायचा कागद तेव्हा स्टेडियमच्या साहेबाच्या टेबलावर होता. त्याने गुपचूप गोलाई सुधारली आणि तोंड शिवून घेतलं. माधुरीचा विक्रम पुढे कोणी मोडला नाही. मोडणार कसा?

तीनच्या सुमाराला ती आली. केस पिकलेले, खांद्याला शाळेची पिशवी. सोनईला ती मास्तरीण होती. भिंतीवरच्या आपल्या नावाचा तिने मोबाईलवर फोटो काढला.

"चाचा, ओळखलं का?"

"चाल तीच हाय की तुझी," नूरुद्दीन म्हणाला. मग आपल्या पिशवीतून दोरी काढून त्याने सगळं सांगून टाकलं, नोकरीच्या कागदासकट.

शेवटी तिने एवढंच विचारलं, "किती सेकंदांचा फरक?"

"दोन. पुण्यात तू तेवढ्याच जोरात पळालीस, पोरी. जराबी कमी न्हाई. चूक माझी हुती."

माधुरी पायरीवर बसली. "आबा जाईस्तोवर म्हणायचे, माझ्या पोरीनं पुण्यात कच खाल्ली. मलाबी तेच खरं वाटत आलं. वर्गात पोरींना सांगते, माझ्यासारखं घाबरू नका."

ती शिव्या देईल, या तयारीने नूरुद्दीन आला होता. शिव्या परवडल्या असत्या. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माफ कर म्हणायला तोंड न्हाई मला."

"माफीचं नंतर बघू. आबा गेले, पण आई हाय अजून. ऐंशीची झालीय. तुमी चला सोनईला. मी सांगितलं तर तिला वाटंल, पोर आता स्वतःची समजूत काढतीय. तुमीच सांगा."

"आत्ता?"

"साडेचारची एसटी हाय. दोरीबी घ्या."

रोशनबी गेल्यापासून त्याला कोणी आपल्या घरी बोलावलं नव्हतं. इतक्या वर्षांनी बोलावणं आलं, ते हे सांगायला. त्याने दोरीचं वेटोळं काखेत मारलं, गेटची कडी लावली आणि तिच्या मागोमाग स्टँडकडे निघाला.